गोंदियातले सारस कमी का होतायत? त्यांची गणना कशी होते आणि ते नेमकं खातात तरी काय?

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की गोंदियातून एक बातमी येते: सारस गणना झाली, यंदा इतके पक्षी दिसले. आकडा छोटा असतो आणि गेल्या काही वर्षांत तो आणखी छोटा होत चालला आहे. २०२० च्या गणनेत गोंदिया जिल्ह्यात चाळीसहून अधिक सारस नोंदले गेले होते. २०२३ पर्यंत हा आकडा तीसच्या आसपास आला.

महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात मोजके पक्षी दिसतात. म्हणजे गोंदियातला सारस संपला, तर राज्यातूनच तो जवळपास संपल्यासारखा होईल.

पण हे पक्षी मोजतात कसे? एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही कशावरून? आणि सारस काय खातो, याचा अभ्यास करून त्याला वाचवायला मदत कशी होते? समजून घेऊया.

सारस नेमका आहे तरी कोण?

सारस हा क्रौंच कुळातला पक्षी. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो जगात सगळ्यांत उंच. पूर्ण वाढलेला सारस सहा फुटांपर्यंत उंच असतो, म्हणजे साधारण माणसाएवढा किंवा त्याहून थोडा जास्तच. अंग राखाडी, पाय लांब, आणि डोकं व मानेचा वरचा भाग लालभडक. पंख पसरले की त्यांची लांबी सात-आठ फुटांवर जाते.

नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. नर थोडा मोठा, एवढाच फरक. जोडी एकदा जमली की ती सहसा वर्षानुवर्षं टिकते. दोघं मिळून मान वर करून एका सुरात ओरडतात, तो आवाज शांत पहाटे दोन-तीन किलोमीटरवर सहज ऐकू येतो. वाल्मिकींच्या कथेतला बाण लागलेला क्रौंच पक्षी म्हणजे सारसच असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

भारत, आग्नेय आशियाचा काही भाग आणि उत्तर ऑस्ट्रेलिया इथे सारस आढळतो. त्यातले सर्वाधिक भारतात आणि भारतात सर्वाधिक उत्तर प्रदेशात. तिथला तो राज्यपक्षी आहे. २०२३ मध्ये अमेठीतल्या एका तरुणामागे फिरणारा सारस सोशल मीडियावर व्हायरल झाला होता, तो हाच पक्षी. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत सारसाची नोंद ‘असुरक्षित’ या गटात आहे आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे.

गोंदियातच का?

याचं उत्तर पाण्यात आणि धानात आहे.

गोंदिया तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. भंडारा-गोंदिया पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाने उताराचा अंदाज घेत तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. मालगुजारी संपल्यावर ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. त्यांच्याशिवाय शेतांमध्ये छोट्या बोड्या आहेत. वैनगंगा आणि बाघ या नद्या आहेत. मध्ये सगळीकडे धानाच्या बांध्या.

गोंदिया तालुक्यातलं दवनीवाडा हे अशाच धानाच्या पट्ट्यातलं गाव. याच तालुक्यातल्या परसवाडा आणि झिलमिली या तलावांची नावं सारसाच्या बातम्यांमध्ये वारंवार येतात. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. तिथेही सारस आहेत. पक्ष्याला राज्याची सीमा कळत नाही, त्यामुळे दोन्ही काठांवरचे सारस एकाच वस्तीचा भाग मानावे लागतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वाघ जंगलात राहतो. जंगल वनविभागाचं असतं, तिथे सीमा आखता येते, पहारा ठेवता येतो. सारस मात्र शेतात खातो, शेतात किंवा तलावाच्या काठावर घरटं करतो आणि रात्री उथळ पाण्यात उभा राहतो. त्याचं घर म्हणजे शेतकऱ्याची बांधी आणि गावाचा तलाव. त्यामुळे अभयारण्य जाहीर करून हा प्रश्न सुटत नाही.

गणना कशी होते?

सारस मोजण्यासाठी उन्हाळ्याचा शेवट, म्हणजे साधारण जून महिना निवडला जातो. कारण सोपं आहे. तोपर्यंत बोड्या आणि लहान तलाव आटलेले असतात. पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं आणि वर्षभर विखुरलेले सारस तिथे जमतात. एकदा पाऊस पडला की जोड्या आपापल्या जागी निघून जातात आणि धान वाढलं की उभा सारससुद्धा दिसेनासा होतो.

गणनेची पद्धत साधारण अशी असते:

• आधी काही दिवस पाहणी करून सारस रात्री कुठे थांबतात त्या जागा नक्की केल्या जातात. गावकरी, मासेमार आणि शेतकरी यांच्याकडून सगळ्यांत पक्की माहिती मिळते.

• ठरलेल्या दिवशी सूर्योदयापूर्वीच प्रत्येक जागी एक पथक पोहोचतं. त्यात वनविभागाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक असतात.

• उजाडल्यावर पक्षी पाण्यातून निघून शेतांकडे उडतात. त्याआधी आणि उडताना ते मोजले जातात.

• फक्त संख्या नाही, तर वेळ, उडण्याची दिशा, जोडी आहे की एकटा पक्षी, सोबत पिल्लू आहे का, हेही लिहिलं जातं.

• नंतर सगळ्या पथकांच्या नोंदी एकत्र करून ताडून पाहिल्या जातात.

एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी सगळीकडे एकाच वेळी मोजणी करणं महत्त्वाचं. समजा, एका तलावावरून पहाटे साडेपाचला दोन सारस उत्तरेकडे उडाले आणि तीन किलोमीटर उत्तरेला असलेल्या दुसऱ्या तलावावर पावणेसहाला दोन सारस उतरले. वेळ आणि दिशा लिहिलेली असेल तर ही एकच जोडी आहे हे कळतं. लिहिलेली नसेल तर दोनाचे चार होतात. तीस पक्ष्यांच्या वस्तीत दोन पक्ष्यांची चूक म्हणजे लहान चूक नव्हे.

पिल्लू ओळखणं तुलनेने सोपं आहे. पहिल्या वर्षी त्याच्या डोक्यावर लाल कातडी नसते. डोकं आणि मान तपकिरी-पिवळसर असते.

गोंदियात ‘सेवा’ ही स्थानिक संस्था या शतकाच्या सुरुवातीपासून सारसाच्या नोंदी ठेवत आली आहे. त्या काळात जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच सारस उरले होते. पुढे घरट्यांची राखण, शेतकऱ्यांशी बोलणं आणि दरवर्षीची मोजणी यांमुळे संख्या वाढत गेली. सारसाच्या नावाने जिल्ह्यात महोत्सवही भरला. म्हणजे आता दिसणारी घट ही वाढीनंतर आलेली घट आहे. एकदा सावरलेली संख्या पुन्हा का घसरली, हा खरा प्रश्न आहे.

तीस सारस म्हणजे पंधरा जोड्या नव्हेत

गणनेचा आकडा वाचताना हमखास होणारी चूक म्हणजे त्याला दोनने भागणं.

तीस पक्ष्यांत काही गेल्या वर्षीची पिल्लं असतात. काही तरुण पक्षी असतात, ज्यांची जोडी अजून जमलेली नाही. सारसाला प्रजननक्षम व्हायला काही वर्षं लागतात. काहींचा जोडीदार मेलेला असतो. त्यामुळे प्रत्यक्ष घरटं करणाऱ्या जोड्या बऱ्याच कमी असतात.

त्यात सारसाची वाढ मुळातच संथ. मादी वर्षाला सहसा एक किंवा दोन अंडी घालते. नर आणि मादी दोघंही आळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात. पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना उडायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. तोवर कुत्री, कोल्हे, शिकारी पक्षी, पूर, काहीही आडवं येऊ शकतं. दोन पिल्लांपैकी अनेकदा एकच जगतं, कधी एकही नाही.

त्यामुळे विजेच्या तारेला लागून एक मोठा सारस मेला, तर आकडा एकाने कमी होतो एवढंच नाही. एक जोडी मोडते. उरलेल्या पक्ष्याला नवा जोडीदार मिळेपर्यंत त्याचे हंगाम वाया जातात. वस्ती मोठी असेल तर हे भरून निघतं. इतक्या लहान वस्तीत ते भरून निघायला वर्षं लागतात.

सारस खातो काय?

सारस सर्वभक्षी आहे, पण त्याच्या खाण्यात वनस्पतींचा वाटा मोठा असतो.

• पाणवनस्पतींचे कंद आणि मुळं. लव्हाळ्यासारख्या गवतांचे छोटे कंद तो लांब चोचीने चिखल उकरून काढतो.

• धान्य. कापणीनंतर बांधीत सांडलेलं धान, उत्तरेत गहू.

• किडे. नाकतोडे हे त्याचं आवडतं खाणं.

• पाण्यातले जीव. गोगलगायी, खेकडे, बेडूक, लहान मासे.

• अधूनमधून लहान साप, इतर पक्ष्यांची अंडीसुद्धा.

हे सगळं वर्षभर सारख्या प्रमाणात मिळत नाही. ऋतू बदलला की ताटही बदलतं.

पावसाळ्यात, म्हणजे रोवणीनंतर, बांध्यांमध्ये पाणी असतं. किडे, बेडूक, गोगलगायी भरपूर असतात. नेमकी तेव्हाच सारसाची पिल्लं बाहेर येतात. वाढत्या पिल्लांना प्रथिनं लागतात आणि ती या जिवंत खाद्यातून मिळतात. दिवाळीच्या आसपास धान कापलं जातं, तेव्हा सांडलेल्या दाण्यांवर सारस जगतो. हिवाळा सरला आणि शेतं कोरडी पडली की तो तलावाच्या काठाकडे वळतो. उन्हाळ्यात तर तलावाच्या गाळातले कंद आणि उरलेल्या पाण्यातले जीव हाच मोठा आधार.

म्हणजे सारसाला फक्त शेत पुरत नाही आणि फक्त तलावही पुरत नाही. दोन्ही लागतं, तेही एकमेकांच्या जवळ. पिल्लाला उडता येत नसेल तेव्हा आईबापांसोबत पायी चालत जाऊन जे मिळेल तेवढंच त्याचं अन्न.

खाणं कसं तपासतात?

एखादा वन्यप्राणी काय खातो, हे शोधण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत.

पहिली, प्रत्यक्ष पाहणी. अभ्यासक दूर बसून दुर्बिणीतून एका पक्ष्यावर नजर ठेवतो. ठरावीक वेळाने तो पक्षी काय करतोय ते लिहितो: उकरतोय, टिपतोय, उभा आहे, पिल्लाला भरवतोय. कोणत्या जागी किती वेळ चरला, यावरून त्याच्यासाठी कोणती जागा महत्त्वाची ते कळतं.

दुसरी, विष्ठेची तपासणी. पचन न झालेले अवशेष, म्हणजे बियांची टरफलं, किड्यांचे पंख, गोगलगायीच्या शंखाचे तुकडे त्यात सापडतात. आता विष्ठेतल्या डीएनएवरूनही खाद्य ओळखता येतं.

तिसरी, अन्न किती उपलब्ध आहे हे मोजणं. तलावाच्या काठावर ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातला गाळ चाळायचा आणि किती कंद, किती गोगलगायी मिळाल्या ते मोजायचं. हेच वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या तलावांवर करायचं.

गणना आणि आहार यांचा अभ्यास सोबत का करायचा, हे कळण्यासाठी एक लांबचं उदाहरण उपयोगी पडेल. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हार्बर सील नावाचा सागरी प्राणी आहे. २००० सालाच्या आसपासपासून तिथल्या पूर्व किनाऱ्यावर आणि ऑर्कनी बेटांवर त्याची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. तिथले शास्त्रज्ञही सील मोजतात ते ऑगस्टमध्ये, जेव्हा अंगावरचे केस बदलण्यासाठी सील किनाऱ्यावर येऊन पडतात. हेलिकॉप्टरमधून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मोजणी होते. तत्त्व गोंदियातलंच: प्राणी एकत्र येतो तेव्हा मोजा.

पण मोजणीने फक्त घट कळली, कारण कळलं नाही. म्हणून सीलची विष्ठा गोळा करून त्यात माशांच्या कानातली छोटी हाडं शोधली गेली. प्रत्येक जातीच्या माशाचं हे हाड वेगळ्या आकाराचं असतं, त्यामुळे सीलने कोणता आणि केवढा मासा खाल्ला ते ओळखता येतं. अन्न कमी पडतंय का, दुसऱ्या जातीच्या सीलशी स्पर्धा होतेय का, विषारी शेवाळाचा अंश माशांमधून पोटात जातोय का, अशा एकेका शक्यतेची तपासणी त्यातून करता येते.

गोंदियातल्या सारसाबाबतही हेच लागू होतं. गणना सांगते की पक्षी कमी झाले. ते उपाशी पडतायत, विषबाधेने मरतायत, तारांना लागून मरतायत की पिल्लंच जगत नाहीत, हे शोधायला पक्षी कुठे चरतो आणि काय खातो याचा माग काढावा लागतो.

मग सारस कमी होण्याची कारणं काय?

एकच कारण नाही. पण बहुतेक कारणांचा धागा त्याच्या खाण्याच्या आणि राहण्याच्या जागांशी जोडलेला आहे.

१. विजेच्या तारा. सारस जड पक्षी आहे. उडताना त्याला चटकन वळता येत नाही. शेतांवरून आणि तलावांजवळून जाणाऱ्या तारा त्याला पहाटेच्या धुक्यात दिसत नाहीत. रात्रीच्या मुक्कामाच्या जागेकडून चरण्याच्या जागेकडे तो रोज त्याच वाटेने जातो आणि तार नेमकी त्या वाटेत असते. उत्तर प्रदेशात झालेल्या एका अभ्यासात, तिथल्या सारसांपैकी सुमारे एक टक्का दरवर्षी तारांमुळे मरतात असा अंदाज २००५ साली मांडला गेला. हजारो पक्षी असलेल्या राज्यात ही टक्केवारी लहान वाटते. तीस पक्ष्यांच्या जिल्ह्यात एखादा अपघातही जड जातो.

२. कीटकनाशकं. धानावर खोडकिडा आणि तुडतुडे पडले की फवारणी होते. त्याने नाकतोडे, बेडूक, गोगलगायी कमी होतात, म्हणजे पिल्लांचं अन्नच कमी होतं. विष लावलेलं बियाणं किंवा दाणे खाल्ले तर पक्षी थेट मरू शकतो. राजस्थानातल्या भरतपूरला १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑल्ड्रिन या कीटकनाशकाच्या विषबाधेने सारस मेल्याचं अभ्यासातून समोर आलं होतं. पुढे भारतात ऑल्ड्रिनवर बंदी आली.

३. तलावांची बदलती स्थिती. तलावात गाळ साचतो, काठावर अतिक्रमण होतं, बेशरमची झुडपं माजतात. बेशरम एकदा पसरली की तिच्या खाली लव्हाळा, देवधान अशा देशी वनस्पती टिकत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात ज्या कंदांवर सारस जगतो, तेच नाहीसे होतात. उथळ काठ खोदून तलाव सरळ खोल केला तरी सारसाचं नुकसानच होतं. त्याला गुडघाभर पाणी लागतं, पुरुषभर नाही.

४. घरट्यांना होणारा त्रास. अंडी चोरीला जाणं, मोकाट कुत्री, घरट्याजवळ माणसांची ये-जा, आणि अलीकडे जवळून फोटो-व्हिडिओ काढण्याचा मोह. घरट्यावरून पक्षी बराच वेळ उठला तर अंडी थंड पडतात किंवा कावळ्यांच्या तोंडी जातात.

५. पिकात होणारे बदल. बांधीत पाणी कधी सोडलं जातं, कापणी हाताने होते की यंत्राने, दाणे किती सांडतात, कापणीनंतर धसकटं जाळली जातात का, या सगळ्यावर सारसाचं हिवाळ्यातलं जेवण ठरतं.

न्यायालयाने काय केलं?

२०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यावर जनहित याचिका दाखल करून घेतली. त्यातून गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. सारसांच्या वावराच्या जागांमधल्या वीजतारांचं काय करायचं, पाणथळ जागांचं संरक्षण कसं करायचं, कीटकनाशकांचा वापर कसा कमी करायचा, हे विषय न्यायालयापुढे आले.

समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असण्याला अर्थ आहे. तलाव एका खात्याकडे, तारा वीज कंपनीकडे, शेती कृषी विभागाकडे आणि पक्षी वनविभागाकडे. सारसाला मात्र हे चारही एकाच दिवसात लागतात. सगळ्यांना एका टेबलावर बसवू शकणारा जिल्ह्यातला अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी.

शेतकऱ्याचं काय?

सारसाच्या घरट्यासाठी सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे पाणी भरलेली धानाची बांधी. तो गवत, धानाची रोपं ओढून मोठा ढीग करतो आणि त्यावर अंडी घालतो. घरट्याच्या आसपासचं थोडं पीक आडवं होतं. जागा काही चौरस मीटरच असते, पण दोन-तीन एकरांवर संसार चालवणाऱ्याला त्याचंही मोल असतं. शिवाय महिनाभर त्या भागात निंदणी, फवारणी जपून करावी लागते.

तरी या भागात सारस आजवर टिकला तो शेतकऱ्यांनी त्याला सहन केलं म्हणून. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात गावातल्याच लोकांना घरट्यांची राखण आणि मोजणी या कामात सामील करून घेतलं गेलं आणि तिथे सारस वाढले. गोंदियातही संख्या वाढली होती ती याच वाटेने. नुकसानीची भरपाई वेळेवर आणि कमी कागदपत्रांत मिळाली, तर शेतकऱ्याला घरटं ओझं वाटणार नाही.

तलावांबाबतही चांगलं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजातल्या लोकांनी, त्यातही महिलांनी पुढाकार घेऊन, तलावांमधली बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. उद्देश होता मासे वाढावेत हा. पण ज्या तलावात देशी वनस्पती परत येतात, तिथे पक्ष्यांचं खाद्यही परत येतं. माशांवर पोट असलेला माणूस आणि कंदांवर जगणारा पक्षी, दोघांनाही लागणारा तलाव एकच आहे.

तुम्हाला सारस दिसला तर?

• लांबूनच पाहा. पक्षी मान वर करून तुमच्याकडे बघू लागला, म्हणजे तुम्ही जास्तच जवळ गेला आहात.

• घरट्याचा फोटो किंवा नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. एका पोस्टने तिथे गर्दी होऊ शकते. फोटो टाकायचाच असेल तर लोकेशन बंद करा आणि गावाचं नाव देऊ नका.

• ड्रोन उडवू नका.

• खायला घालू नका, पिल्लू उचलून घरी आणू नका. सारस पाळणं हा कायद्याने गुन्हा आहे. एकटं दिसणारं पिल्लू अनेकदा हरवलेलं नसतं, आईबाप जवळच चरत असतात.

• जखमी किंवा मेलेला सारस दिसला तर लगेच वनविभागाला कळवा. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. तो कशाने मेला हे शवविच्छेदनातूनच कळतं आणि ती माहिती उरलेल्यांसाठी मोलाची असते.

पुढच्या गणनेची बातमी कशी वाचायची?

जूनमध्ये नवा आकडा आला की तो वाढला की घटला एवढ्यावर थांबू नका. चार गोष्टी शोधा.

एक, त्यात पिल्लं किती. मोठे पक्षी तेवढेच आणि पिल्लं शून्य, तर आकडा स्थिर दिसला तरी वस्ती म्हातारी होत चालली आहे.

दोन, बालाघाटचा आकडा काय. गोंदियात दोन कमी आणि नदीपलीकडे दोन जास्त, तर पक्षी मेले नसून काठ बदलला असेल. तेव्हा प्रश्न विचारायचा तो आपल्या बाजूच्या पाण्याचा आणि खाद्याचा.

तीन, वर्षभरात किती सारस मेले आणि कशाने. तारेने मेलेला पक्षी आणि विषबाधेने मेलेला पक्षी, दोघांसाठी उपाय वेगळे आहेत.

चार, किती तलावांवर सारस दिसले. तीस पक्षी दहा तलावांवर असणं आणि तीस पक्षी दोन तलावांवर असणं यात फरक आहे. दोनच तलावांवर सगळे जमत असतील, तर बाकीच्या तलावांवर त्यांना खायला काय उरलंय, हे जाऊन पाहण्याची वेळ झालेली असते.